‘छान’च्या पुढचं ऐकणं

गटावर गाणं टाकल्यावर पहिल्या दोन मिनिटांत जी दाद येते तिचा गाण्याशी काही संबंध नसतो. गाणं साडेचार मिनिटांचं असतं.

हे सोलापूरपुरतं खरं आहे असं नाही, पण चित्र सोलापूरचं घेऊ. नवी पेठेतले कापड दुकानदार, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, सात रस्त्याजवळ दवाखाना असलेले डॉक्टर, शाळेतल्या बाई, पूर्व भागात यंत्रमाग चालवणारा तरुण अशा वीसपंचवीस जणांचा गट. जेवणं उरकली की कुणीतरी कराओकेच्या ट्रॅकवर गायलेलं गाणं टाकतो आणि लगेच सुरू होतं: ‘वा अण्णा!’, ‘एक नंबर’, ‘रफीसाहेबांची आठवण झाली’. मग टाळ्या, गुलाब, जोडलेले हात. अंतऱ्यात वर जाताना सूर पोचला नाही, हे त्यातल्या चौघांना स्वच्छ कळलेलं असतं. त्यांपैकी दोघं तिसऱ्याला वेगळा मेसेज करून ते सांगतातही. ज्याला सांगायला हवं त्याला सोडून.

यात ढोंग फारसं नाही, भिडस्तपणा आहे. उद्या हीच माणसं पार्क चौकात भेटणार, एकमेकांच्या घरच्या लग्नात जेवणार. गाणं हा त्यांचा पेशा नाही, दिवसभराच्या कामानंतरचा आनंद आहे, आणि त्या आनंदात खडा कोण टाकणार? तरीही गाणाऱ्याने रेकॉर्डिंग पाठवलेलं असतं ते अर्धंमुर्धं तरी या आशेने की कुणीतरी नीट ऐकेल. गुरूसमोर बसणाऱ्या शिष्याला चूक दाखवणारा माणूस रोज मिळतो. हौशी गाणाऱ्याला मिळतात ती त्याच्यासारखीच हौशी माणसं. त्यांनी एकमेकांचं ऐकायचं कसं आणि ऐकलेलं सांगायचं कसं, हा या प्रकरणाचा विषय.

सोलापूरकराला संगीत काही मोबाइलने दिलेलं नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषांत हे शहर गातं. गणपतीच्या आधी कित्येक रात्री लेझमीचा सराव चालतो, आषाढीच्या सुमारास जिल्ह्यातले रस्ते पंढरपूरकडे भजनं म्हणत निघतात, पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव निघतो, उरुसात कव्वाली रंगते. या सगळ्या गाण्यावाजवण्यात एक गोष्ट समान आहे: माणूस एकटा नसतो. टाळकऱ्यांच्या रांगेत एकाचा सूर ढासळला तर बाकीचे तो पोटात घालतात. लेझमीच्या रांगेत पाऊल चुकलं तर शेजारच्याचा धक्का लागतो आणि पुढच्या ठेक्याला पाऊल आपोआप जागेवर येतं. दुरुस्ती तिथल्या तिथे, न बोलता होते. कुणाचा अपमान होत नाही आणि कुणाला आभारही मानावे लागत नाहीत.

फोनच्या माइकसमोर मात्र माणूस एकटा असतो. सूर झाकायला कुणी नाही आणि धक्का द्यायलाही कुणी नाही.

बरं, त्याला स्वतःला तरी ऐकू येतं का? पहिली अडचण तिथेच आहे. गाताना आपला आवाज आपल्यापर्यंत दोन वाटांनी पोचतो, एक हवेतून कानात आणि दुसरी कवटीच्या हाडांमधून थेट अंतःकर्णात. हाडांमधून येणाऱ्या आवाजात खालच्या कंपनांचं वजन अधिक असतं, म्हणून आपला आवाज आपल्याला भरदार वाटत आलेला असतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेची वाट उरते. ‘हा माझा आवाज? इतका पातळ?’ ही दचक सगळ्यांनाच बसते. १९६६ साली फिलिप होल्झमन आणि क्लाइड रूसी या मानसशास्त्रज्ञांनी या दचकण्याचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की आवाज वेगळा वाटतो एवढंच कारण पुरेसं नाही. आपल्या आवाजातला संकोच, काळजी, घाई हे आपण लपवलंय असं समजत असतो आणि रेकॉर्डिंग ते उघडं करतं. परिणाम असा की नवा गाणारा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकताना आवाजाच्या पोतातच अडकतो. सूर चढा लागला की उतरला, सम गाठली की हुकली, याकडे त्याचा कानच जात नाही. ते पहिल्यांदा ऐकू येणार ते दुसऱ्यालाच.

आपल्याकडे आवाज माणसापासून सुटा होऊन तबकडीवर चढला त्याला आता सव्वाशे वर्षं होत आली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गोहरजानचं गाणं तबकडीवर घेतलं. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना हा आवाज कुणाचा ते कळावं, म्हणून ही सोय होती असं सांगितलं जातं. बाईला कधीही न पाहिलेला माणूस तिचं गाणं हाताळणार होता. पुढे हजारो घरांत, दुकानांत हेच घडलं. गदगमधल्या एका दुकानात शाळकरी भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली, ही हकिकत बहुतेकांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. रेकॉर्ड हाताशी असताना १९३३ साली, अकराव्या वर्षी, हा मुलगा घर सोडून निघाला तो गुरू शोधायला. कुमार गंधर्वांचंही तसंच. नामवंतांच्या रेकॉर्डी हुबेहूब उचलून सभा जिंकणारा हा मुलगा शेवटी मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला बसला. रेकॉर्ड सगळं ऐकवते, पण समोरच्याचं काही ऐकून घेत नाही.

ऐकून घेणारं यंत्र सामान्य घरात आलं ते कॅसेटच्या रूपाने. फिलिप्सने १९६३ साली आणलेली छोटी कॅसेट आपल्याकडे घरोघरी पोचली ऐंशीच्या दशकात. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने कॅसेट स्वस्त केली आणि मंगळवेढ्याकडच्या प्रल्हाद शिंद्यांसारखा खणखणीत गळा एसटी स्टँडपासून वस्तीपर्यंत सगळीकडे वाजू लागला. पण टू-इन-वनला एक लाल बटणही होतं. ते प्लेच्या बटणासोबत दाबलं की विकतच्या गाण्यावर घरचं गाणं चढायचं. कंपनीने कॅसेटच्या पाठची खिट्टी मोडलेली असली तर त्या खळग्यावर सेलोटेप लावायचा, की झालं. आज पन्नाशी ओलांडलेल्या किती सोलापूरकरांनी अशी कुठली कॅसेट वाया घालवून स्वतःचं गाणं टेप केलं असेल! ते ऐकायचे मात्र घरचेच, आणि घरच्यांची टीका म्हणजे ‘बास आता, अभ्यासाला बस’.

रेकॉर्डिंग एकत्र बसून, थांबून थांबून ऐकण्याची एक वेगळी शिस्तही याच शहराने पाहिली आहे. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. सुरेश चांदवणकर हे तिचं सर्वांत परिचित नाव. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक. या संस्थेच्या शाखा मोठ्या महानगरांपुरत्या राहिल्या नाहीत. सोलापूरला शाखा झाली, शेजारी तुळजापूरलाही झाली. संग्राहक हे बहुतेक नोकरी-धंदा सांभाळणारे हौशी लोक. त्यांच्या ऐकण्यात एक गोष्ट यंत्रानेच आणलेली असते. ७८ गतीच्या दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावतं. गायकाला आलाप, बंदिश, ताना, सगळं तेवढ्यात बसवावं लागायचं. त्यामुळे ऐकणाराही क्षणाक्षणाचा हिशोब मागतो. एखादी हरकत निसटली तर कुणीतरी म्हणतं, ‘पुन्हा लावा’, आणि सुई मागे नेली जाते. मग बोलणं होतं ते त्या हरकतीबद्दल. हा गायक थोर की तो थोर, हे वाद तिथेही होत असणारच. मराठी रसिक दुसरं काय करणार? पण सुई एका ठरावीक रेघेवर ठेवल्यावर वादालाही तिथेच थांबावं लागतं.

हौशी गटांना नेमकी हीच सवय हवी आहे असं माझं मत आहे. बोटाने पडद्यावर सरकवून आपण क्षणात गाण्यातल्या कुठल्याही जागी जाऊ शकतो. तरीही अभिप्राय मात्र अख्ख्या गाण्यावर, किंबहुना अख्ख्या माणसावर देतो.

याच्या अगदी उलट टोकाला आकाशवाणीची स्वरचाचणी आहे. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. सिनेसंगीत हद्दपार करणारे मंत्री म्हणून त्यांचं नाव निघतं, पण त्यांच्या काळात आकाशवाणीच्या कलाकारांची चाचणी घेण्याची पद्धतही बसवली गेली. परीक्षकांना गाणारा दिसू नये, त्याचं नाव कळू नये, फक्त आवाज ऐकू यावा, हे त्यामागचं तत्त्व. श्री. ना. रातंजनकरांसारखे विद्वान त्या कामात होते आणि मुंबईच्या कलाकारांनी या चाचणीला जोरदार विरोधही केला. नावाजलेल्या गवयाने पडद्यामागून परीक्षा द्यायची म्हणजे काय, हा त्यांचा सवाल होता. बी, बी-हाय, ए, टॉप या श्रेणी आजही आहेत, आणि सोलापूर आकाशवाणीवर गाण्याची इच्छा असलेल्याला त्या वाटेने जावंच लागतं.

नाव झाकण्यामागचा विचार पक्का आहे. चिया-जुंग त्साय या संशोधिकेने २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ती स्वतः पियानो वाजवणारी. वाद्यसंगीताच्या स्पर्धांमधले काही सेकंदांचे तुकडे लोकांना दिले आणि विजेता ओळखायला सांगितलं. ज्यांना नुसता आवाज दिला त्यांचे अंदाज नशिबावर सोडल्यासारखे आले. ज्यांना आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवलं त्यांना विजेता जास्त वेळा ओळखता आला. जाणकार वादकांचंही तेच झालं. म्हणजे परीक्षकसुद्धा डोळ्यांनी ऐकतात. गटात हल्ली रेकॉर्डिंगऐवजी व्हिडिओ येतो. जाकीट, मागचा पडदा, रंगीत दिवा, हातवारे. गाणं नीट ऐकायचं असेल तर फोन टेबलावर पालथा ठेवावा.

पण स्वरचाचणी शेवटी देते ती श्रेणी. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात हे तिच्यातून कळतं. मध्यम का हलला हे नाही. आकाशवाणीचं ते कामही नाही. हौशी माणसाला मात्र श्रेणीचा काय उपयोग? त्याला उद्या तेच गाणं पुन्हा गायचं असतं.

टीकेने माणूस सुधारतो, हे आपण गृहीत धरतो. अवराहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ साली या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून सहाशेहून अधिक निष्कर्ष तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर कामगिरी घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं की अभिप्राय लक्ष कुठे वळवतो यावर सगळं ठरतं. लक्ष कामाकडे गेलं तर फायदा. स्वतःकडे गेलं, म्हणजे ‘मी चांगला की वाईट’ या विचाराकडे, तर तोटा. आणि यात स्तुतीही आली. ‘तुम्ही म्हणजे साक्षात किशोरकुमार’ हे वाक्य आणि ‘तुमच्या गळ्यात गाणं नाही’ हे वाक्य, दोन्ही एकाच जातीची. दोन्हींमुळे माणूस गाण्याकडे बघायचं सोडून आरशात बघायला लागतो.

आता टीका करणाऱ्याच्या जबाबदारीकडे येऊ, कारण इथे चांगल्या कानाच्या माणसांचीही फसगत होते. जी चूक गाणाऱ्याची म्हणून सांगितली जाते ती कितीदा तरी यंत्राची असते.

लयीचंच घ्या. ‘लय मागे पडतेय’ हा कराओकेवरचा नेहमीचा शेरा. गाणाऱ्याने ब्लूटूथचे इअरफोन लावले असतील तर ट्रॅक त्याच्या कानापर्यंत पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. तो बिचारा ऐकू येईल त्याच्याशी बरोबर गातो. पण फोनमध्ये मूळ ट्रॅक आधीच पुढे गेलेला असतो. मिनिटाला १२० मात्रांच्या गाण्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. दोनशे मिलिसेकंद म्हणजे मात्रेचा चांगला दोन पंचमांश भाग. ऐकणाऱ्याला माणूस लयीत कच्चा वाटणारच. हे ओळखायचं कसं? गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच मागे असेल तर दोष यंत्राचा. मुखड्यात बरोबर आणि अंतऱ्यात मागे असेल तर दोष गळ्याचा, बहुधा दमसासाचा. तारेचे इअरफोन लावून पुन्हा गायलं की पहिला दोष नाहीसा होतो. कितीजणांनी याच कारणाने गाणं सोडलं असेल कोण जाणे.

तसंच सुरांच्या शेवटांचं. फोन बोलण्यासाठी बनलेला आहे. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा रहदारी, असं समजून त्यातली यंत्रणा तो पुसून टाकते. तानपुरा एकसारखाच वाजतो, म्हणून तोही पुसला जातो. लांबवलेल्या सुराची हळूहळू विरत जाणारी शेपटी कापली जाते आणि ऐकणारा म्हणतो, ‘सूर टिकत नाही’. टाळेबंदीत गाण्याच्या शिकवण्या ऑनलाइन झाल्या तेव्हा शिक्षक याच कारणाने हैराण झाले होते. झूमला २०२० मध्ये संगीतासाठी वेगळी सोय द्यावी लागली. शिवाय फोन हळू आवाज आपणहून मोठा करतो आणि मोठा आवाज दाबतो. गाणाऱ्याने कष्टाने घेतलेला चढउतार सपाट होतो, आणि दोन ओळींमधला श्वास मात्र धापेसारखा ऐकू येतो. व्हॉइस नोट म्हणून पाठवलेलं गाणं आणखी चेपलं जातं. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर आहे तशी पोचते. एवढी साधी गोष्ट गटात सगळ्यांनी पाळली तर निम्मे वाद उद्भवणार नाहीत.

सुरासाठी ॲपवर विसंबणारेही असतात. पडद्यावर रेघ वरखाली होते, शेवटी शंभरपैकी गुण मिळतात. एका सप्तकाचे १२०० सेंट मानले तर पेटीवर गांधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो. तानपुऱ्यातून निघणारा नैसर्गिक गांधार सुमारे ३८६ वर. तयार कानाला पाच-दहा सेंटचाही फरक कळतो, मग हा चौदा सेंटचा तर कळतोच. तानपुऱ्यावर गळा घासलेल्या माणसाचा गांधार ॲपला उतरलेला दिसतो. मींड घेतली की ॲप गोंधळतं, मुरकी घेतली की गुण कापतं. अशा यंत्राला खूश ठेवायचं म्हटलं तर हार्मोनियमसारखं गावं लागेल.

आणि पट्टी. हौशी गाण्यातल्या बेसूरपणाचं सर्वांत मोठं कारण गळा नसून पट्टी असते, हे मी ठामपणे म्हणेन. कराओकेचा जन्मच मुळी पट्टीच्या अडचणीतून झाला. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए हा वादक बारमध्ये हौशी गाणाऱ्यांना साथ करायचा. एका छोट्या कंपनीच्या मालकाला सहलीत गायचं होतं आणि त्याला साथीला इनोउएच हवा होता, कारण मालकाच्या गळ्याला सांभाळून घेणं इनोउएलाच जमायचं. इनोउएला जाता येईना, म्हणून त्याने मालकाच्या पट्टीत साथ टेप करून दिली. त्यातून १९७१ साली नाणं टाकून चालणारं यंत्र निघालं. इनोउएने अशी अकरा यंत्रं बनवून बारना भाड्याने दिली. पेटंट घेतलं नाही. मूळ कल्पना गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे साथ बेतण्याची होती. आज उलट झालंय. ट्रॅक मूळ गाण्याच्या पट्टीत येतो आणि साठीच्या बाई लताबाईंच्या पट्टीत जिना चढू पाहतात. तारसप्तकात आवाज चिरतो, गटात गुलाब पडतात, आणि ‘बाई, ट्रॅक दोन स्वर खाली घ्या’ हे कुणी सांगत नाही. ट्रॅकची पट्टी बदलणं बोटाच्या दोन टोच्यांचं काम आहे.

तर सांगावं कसं? समजा गटातल्या डॉक्टरांनी गाणं पाठवलंय. एखाद्याने लिहिलं, ‘डॉक्टर, मुखडा मस्त. एक मिनीट बेचाळीसला, दुसऱ्या ओळीच्या शेवटी, वर जाताना श्वास संपतोय, म्हणून सूर खाली बसतोय. त्याआधीच्या शब्दावर श्वास घेऊन बघा. आणि काळी चारऐवजी काळी दोनमध्ये एकदा गा.’ यात डॉक्टर गायक म्हणून कसे आहेत याबद्दल एक अक्षर नाही. जागा आहे, कारण आहे, करून बघायला काहीतरी आहे. डॉक्टरांना राग यायचा तर येऊ शकतो, पण फोन हातात घेऊन एक मिनीट बेचाळीसवर बोट नेण्याचा मोह त्यांना आवरणार नाही. तिथे त्यांना पहिल्यांदा स्वतःचा सूर ऐकू येईल, आवाज नव्हे.

फायदा लिहिणाऱ्याचाही होतो. दुसऱ्याच्या गाण्यात श्वास कुठे संपला हे शोधायला तेच गाणं चारदा ऐकावं लागतं, आणि मग आपल्या गाण्यातली तीच खोट ऐकू यायला लागते. ‘शब्द खाल्ले’, ‘सम जरा उशिरा’, ‘कणसूर’ असे नेमके शेरे लिहिण्याची सवय लागलेला माणूस स्वतःचं रेकॉर्डिंग पाठवण्याआधीच दोनदा पुसतो.

भिडेचा प्रश्न मात्र राहतोच. नाव झाकून गाणी वाजवावीत तर पंचवीस जणांत सगळ्यांना सगळ्यांचे आवाज पाठ. आकाशवाणीचा पडदा इथे चालत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या गावच्या गटाशी अदलाबदल करावी. सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटरवर आहे आणि तिथल्या हौशी मंडळींना इथल्या डॉक्टरांची ओळख असण्याचं कारण नाही. महिन्याला पाच गाणी तिकडे, पाच इकडे. नावं नकोत, फक्त आकडे. प्रत्येक गाण्यावर एकच जागा सांगायची, मिनिट आणि सेकंदासकट. कन्नड गाणं आलं तर सोलापुरात शब्द समजणारे पुष्कळ आहेत, आणि मराठी भावगीत तिकडे गेलं तर विजापूरकर शब्दांवर भाळणार नाहीत, सुरावरच बोट ठेवतील.

पहिल्या महिन्यात बहुधा तिकडूनही गुलाबच येतील.